नळीभोवतीचा चट्टा

हृदयाजवळ पोहोचणारी आणि महिनोन्महिने शरीरात राहणारी नळी हा कुटुंबासाठी निघणाऱ्या पाक्षिकाचा विषय नव्हे, असे कोणालाही वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत ही नळी रुग्णालयाच्या भिंती ओलांडून घराघरांत आली आहे. मुंबई, पुणे किंवा नागपूर येथे कर्करोगावर केमोथेरपी सुरू होते, दंडातील शिरेतून नळी बसवली जाते आणि दोन सायकलींच्या मधल्या काळात रुग्ण आपल्या गावी परततो. हाडातील किंवा हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्गासाठी काही आठवडे शिरेतून प्रतिजैविके घेणारे रुग्ण असतात, आतडे काम करीत नसल्यामुळे शिरेतूनच पोषण घेणारेही असतात. त्यांनाही अशीच नळी लागते. तिच्यावरील ड्रेसिंग आठवड्याला बदलावे लागते. ते काम तालुक्याच्या ठिकाणचा एखादा लहान दवाखाना, ओळखीच्या सिस्टर किंवा रुग्णालयात शिकून आलेली घरातील मुलगी अथवा सून यांच्याकडे येते. आमच्या दवाखान्यातही ते येते.

या रुग्णांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. नळीची भीती पहिल्या आठवड्यात ओसरते. पुढे तक्रार सुरू होते ती नळीभोवतीच्या त्वचेची. ड्रेसिंगखाली खाज सुटते, चट्टा उठतो, बारीक पुरळ येते, क्वचित पाण्याचे फोड येतात, ड्रेसिंग काढताना सालही निघते. एवढ्या मोठ्या आजारात खाजेसारखी क्षुल्लक गोष्ट काय सांगायची, या संकोचाने रुग्ण गप्प राहतो. मग एखाद्या रात्री असह्य होऊन ड्रेसिंगखाली बोट घालतो आणि जी जागा निर्जंतुक राहावी म्हणून एवढा खटाटोप केलेला असतो, तीच उघडी पडते.

घरच्या माणसांचीही येथे दोन टोके दिसतात. काहींना प्रत्येक लाल डागात जंतू दिसतात आणि ते नळी काढून टाकण्याचा आग्रह धरतात. काही जण प्रत्येक लाल डागाला 'अॅलर्जी' म्हणतात आणि औषधाच्या दुकानातून मलम आणतात. पहिल्या टोकाने उपचारात खंड पडतो, दुसऱ्याने जीव धोक्यात येतो. म्हणून चट्टा नीट पाहावा कसा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. बहुतेक वेळा त्याचे कारण त्याच्या आकारात आणि जागेतच लिहिलेले असते.

नळी कोठून कोठे जाते

सर्वाधिक आढळणारी नळी म्हणजे पिक लाइन. कोपराच्या वर, दंडाच्या आतील बाजूच्या शिरेतून ती आत सरकवतात आणि तिचे टोक हृदयात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेत, हृदयाच्या उंबरठ्याशी ठेवतात. तेथे रक्ताचा ओघ मोठा असल्यामुळे दाहक औषधही तत्काळ पातळ होते. हाताच्या बारीक शिरेत तेच औषध वारंवार दिले, तर शीर सुजते, कडक होते आणि निकामी होते.

या कल्पनेचा उगम एका धाडसात आहे. जर्मनीतील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरांनी स्वतःच्याच कोपराजवळील शिरेतून ६५ सेंटिमीटर नळी आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरण चित्र काढून घेतले. नळीचे टोक हृदयात पोहोचलेले त्या चित्रात दिसले. या कामासाठी त्यांना १९५६ साली अन्य दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आज हे काम सोनोग्राफीच्या साहाय्याने, जागा बधिर करून केले जाते.

छातीवर त्वचेखालील बोगद्यातून बाहेर येणारी हिकमन नळी हा दुसरा प्रकार. तिसरा म्हणजे केमो पोर्ट. तो पूर्णपणे त्वचेखाली असतो आणि सुई टोचलेली असेल तेवढाच काळ त्याला ड्रेसिंग लागते. त्वचेचा त्रास अधिक होतो तो पिक लाइन असलेल्यांना. कारण नळी असेपर्यंत ड्रेसिंगही चोवीस तास असते.

त्वचा का चिडते

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींच्या चपट्या पापुद्र्यांचा असतो. पाणी आत कोंडून ठेवणे आणि जंतू बाहेर ठेवणे ही त्याची कामे. कोणतीही चिकटपट्टी ओढून काढली, की तिच्यासोबत या पापुद्र्यांचा एक पदर निघून येतो. निरोगी त्वचा तो भरून काढते. परंतु दर आठवड्याला त्याच जागेवरून पदर जाऊ लागला, तर भरपाई मागे पडते. त्यातच केमोथेरपीची अनेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात आणि त्वचेच्या पेशीही त्यात सापडतात. वृद्धांची त्वचा मुळात पातळ, लहान बाळांची कोवळी, तर दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांची आणखी नाजूक असते.

दुसरे कारण जंतुनाशकाचे. नळीची जागा पुसण्यासाठी आज प्रामुख्याने क्लोरहेक्झिडिन आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरतात. ते उत्तम औषध आहे. मात्र ते पूर्ण वाळण्याआधी वर ड्रेसिंग चिकटवले, तर ओले रसायन त्वचा आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये कोंडले जाते आणि त्वचा भाजल्यासारखी होते. हा दाह आहे. त्याला अॅलर्जी म्हणता येणार नाही. घाई केली, तर तो कोणालाही होईल.

तिसरे कारण खऱ्या अॅलर्जीचे. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या विशिष्ट पदार्थाला शत्रू समजू लागते. ड्रेसिंगच्या गोंदातील अॅक्रिलेट, जुन्या पद्धतीच्या कापडी चिकटपट्टीतील रबर व राळ, पट्टी घट्ट बसावी म्हणून लावले जाणारे टिंक्चर बेंझॉइन, निओमायसिन असलेली पावडर किंवा मलम, आणि क्वचित स्वतः क्लोरहेक्झिडिन हे त्यातील नेहमीचे पदार्थ. अशी प्रतिक्रिया तत्काळ उमटत नाही. पदार्थ लागल्यानंतर साधारणपणे एक ते तीन दिवसांनी खाज आणि पुरळ दिसू लागते. कित्येक आठवडे चालत आलेला पदार्थही पुढे नकोसा होऊ शकतो. त्यामुळे 'आजवर हेच ड्रेसिंग होते, मग आताच काय झाले?' या प्रश्नाने अॅलर्जीची शक्यता फेटाळता येत नाही.

चौथे कारण घामाचे. एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात किंवा कोकणातील दमट पावसाळ्यात ड्रेसिंगखाली ओल साचते, त्वचा पांढुरकी व सुरकुतलेली होते, घामोळे येते आणि काहींना बुरशीचा संसर्ग होतो.

चट्ट्याचा आकार पाहावा

ड्रेसिंग उतरवल्यावर चांगल्या उजेडात त्वचा पाहावी. पट्टी काढल्याबरोबर येणारी फिकट लाली सर्वांनाच येते आणि थोड्या वेळात मावळते. ती अर्ध्या तासानंतरही कायम राहिली, तर त्वचेला इजा झाली आहे असे समजावे.

चट्ट्याला सरळ कडा आणि कोपरे असतील, तो ड्रेसिंगच्या चौकटीएवढाच असेल आणि छिद्राभोवतीची जागा तुलनेने स्वच्छ असेल, तर संशय गोंदावर घ्यावा. जेथपर्यंत जंतुनाशकाचा बोळा फिरला तेथपर्यंत लाली पसरली असेल, तर संशय जंतुनाशकावर, अथवा ते वाळू न देण्यावर. नळी जागेवर धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडीखाली तिच्याच आकाराचा वळ असेल, तर तो दाबाचा. ड्रेसिंगच्या कडेला पाण्याचे फोड असतील, तर ते बहुधा ड्रेसिंग ताणून लावल्यामुळे आलेले असतात. प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक पुटकुळी दिसत असेल, तर केसांच्या मुळांचा दाह. अशा रुग्णाच्या दंडावरचे केस वस्तऱ्याने काढलेले नाहीत ना, हे विचारावे. केस आड येत असतील तर ते कात्रीने किंवा क्लिपरने कापावेत.

आपल्याकडील सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी किंवा नुसती अधिक गडद दिसते. पुस्तकांतील लालभडक चित्रांशी तुलना करून 'काही नाही' असा निर्वाळा देऊ नये. दुसऱ्या दंडावरील त्याच जागेशी तुलना करावी, आणि स्वच्छ धुतलेल्या हाताच्या पाठीने, छिद्रापासून दूर, त्वचा गरम लागते का ते पाहावे.

खाज आणि वेदना यांतील भेदही उपयोगी पडतो. खाज प्राधान्याने असेल, तर कारण बहुधा त्वचेतच असते. दाबल्यावर दुखणे, ठणकणे, जागा टणक होणे ही संसर्गाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत.

छिद्राभोवतीची लाली

नळी जेथून त्वचेत शिरते त्या छिद्राभोवती, सुमारे दोन सेंटिमीटरच्या वर्तुळात, लाली, सूज, टणकपणा किंवा दुखरेपणा असेल, तर तो जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पू दिसला तर शंकाच नको. मात्र पू दिसला नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. पू हा पांढऱ्या पेशींनी बनतो. केमोथेरपीनंतर त्या पेशीच घटलेल्या असतात, त्यामुळे गंभीर संसर्गातही पू दिसत नाही.

रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे साठीतील एक शेतकरी मला आठवतात. त्यांच्या छिद्राभोवती रुपयाच्या नाण्याएवढी गोल लाली होती आणि तेथे दाबल्यावर दुखत होते. शेजारच्या एकाला पूर्वी ड्रेसिंगची अॅलर्जी झाली होती, म्हणून पुतण्याने दुकानातून खाजेचे मलम आणून दोन दिवस लावले. त्या मलमात स्टेरॉइड होते. लाली फिकी पडली आणि घरात सर्वांना हायसे वाटले. तिसऱ्या दिवशी नळीत सलाइन सोडून ती साफ केल्यानंतर अर्ध्या तासात त्यांना हुडहुडी भरली. दोन गोधड्या घालूनही दात वाजणे थांबेना. मला फोन आला तेव्हा ताप १०२ होता. त्याच रात्री त्यांना जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले, रक्ताची तपासणी झाली, नळी काढावी लागली आणि प्रतिजैविके सुरू झाली. ते वाचले. पुढे दुसऱ्या दंडात नवी नळी बसली आणि उपचार पूर्ण झाले. परंतु त्या रात्री आणखी काही तास दवडले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती.

म्हणून पुढील लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. अंगात १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप. थंडी वाजून येणे, विशेषतः नळीतून काही सोडल्यानंतर. छिद्रातून पू किंवा पाणी येणे. शिरेच्या मार्गाने वर चढणारी लाल, दुखरी रेघ. हात, खांदा वा मान सुजणे किंवा छातीवरच्या शिरा फुगणे. हे आत रक्ताची गुठळी झाल्याचे चिन्ह असू शकते. औषध चालू असताना दंडात आग होणे वा फुगवटा येणे. आणि नळी बाहेर सरकल्याचे दिसणे. यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी संपर्क साधावा आणि ते सांगतील तसे निघावे. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देऊन झोपवणे हा येथे उपाय नव्हे. बाहेर आलेली नळी स्वतः आत ढकलू नये.

क्लोरहेक्झिडिन लावल्यावर काही मिनिटांतच अंगभर गांधी उठणे, ओठ सुजणे, दम लागणे किंवा चक्कर येणे ही तीव्र अॅलर्जीची लक्षणे होत. ती दुर्मीळ आहे, तथापि जीवघेणी ठरू शकते, म्हणून तातडीने रुग्णालय गाठावे. अशा रुग्णाने पुढे दंतवैद्यांसह प्रत्येक डॉक्टरांना ही गोष्ट सांगावी. केमोथेरपीच्या काळात तोंड येते तेव्हा गुळण्यांसाठी जे औषध दिले जाते, त्यातही अनेकदा हेच रसायन असते, हे पुष्कळांना माहीत नसते.

ड्रेसिंग बदलताना

पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे ड्रेसिंग दोन दिवसांनी बदलतात. ते ओले झाले, सुटले, आत रक्त वा घाम साचला, तर त्याआधीच बदलावे. काम प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. परंतु घरच्यांनी पाहत राहावे आणि पुढील गोष्टी घडतात की नाही याकडे लक्ष द्यावे.

हात साबणाने धुतलेले असावेत, मास्क असावा, रुग्णाने तोंड दुसरीकडे वळवलेले असावे. जुने ड्रेसिंग वर उचलून खेचू नये. एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने ड्रेसिंग त्वचेला समांतर, हळूहळू, छिद्राच्या दिशेने सोडवीत न्यावे. उलट दिशेने ओढल्यास नळी बाहेर येण्याची भीती असते. चिकट अंश राहिला तर तो अॅसिटोनने किंवा नखाने खरवडू नये. अशी द्रव्ये नळीलाही अपाय करतात. गोंद सैल करणारे औषधी द्रव मिळतात. ते नसल्यास तो अंश तसाच राहू द्यावा.

जंतुनाशक लावल्यावर थांबणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार आहे. क्लोरहेक्झिडिन व अल्कोहोलचे मिश्रण वाळण्यास किमान अर्धे मिनिट, घाम असल्यास त्याहून अधिक वेळ लागतो. पोव्हिडोन आयोडिनला सुमारे दोन मिनिटे द्यावी लागतात. लवकर वाळावे म्हणून फुंकर घालू नये, हाताने वारा घालू नये, गॉजने टिपू नये. फुंकरीसोबत तोंडातील असंख्य जंतू त्या जागेवर पडतात. त्यानंतर, त्वचा नाजूक असल्यास, अल्कोहोलविरहित संरक्षक द्रवाचा पातळ थर छिद्र सोडून भोवती लावावा आणि तोही वाळू द्यावा. पुढच्या वेळी चिकटपट्टीसोबत त्वचेचा पापुद्रा निघण्याऐवजी हा थर निघून येतो. शेवटी ड्रेसिंग न ताणता, हात सैल ठेवून, मध्यापासून कडेकडे चिकटवावे आणि त्यावर तारीख लिहावी.

एका वेळी एकच बदल

माझ्याकडे ड्रेसिंगसाठी येणाऱ्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या दंडावर तिसऱ्या आठवड्यात चौकोनी चट्टा उठला. स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांची केमोथेरपी चालू होती. पहिल्या दोन सायकली हाताच्या शिरेतून झाल्या होत्या आणि त्या शिरा दोऱ्यासारख्या कडक झाल्या होत्या. नळी बसवली ती त्यामुळेच. "डॉक्टर, जंतू झाले असतील तर नळी काढूनच टाका, पण ही खाज नको," असे त्या म्हणाल्या. चार रात्री त्यांना झोप नव्हती. चट्ट्याचे कोपरे मोजपट्टीने आखल्यासारखे होते, छिद्राजवळ दुखत नव्हते, ताप नव्हता. नळी काढली असती, तर उरलेल्या सायकलींसाठी शिरा आणायच्या कोठून, हा प्रश्न होता.

उपचार करणाऱ्या रुग्णालयाशी फोनवर बोलून आम्ही क्रमाने गेलो. पहिल्या आठवड्यात फक्त जंतुनाशक वाळण्यास पुरेसा वेळ दिला. खाज थोडी कमी झाली; कोपरे मात्र तसेच राहिले. पुढच्या वेळी जंतुनाशक तेच ठेवून ड्रेसिंग बदलले आणि सिलिकोनची मऊ कडा असलेले लावले. दहा दिवसांत चट्टा सुकला. गुन्हेगार गोंद होता. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी बदलल्या असत्या, तर खाज गेली असती. पण कशामुळे गेली हे कळले नसते आणि क्लोरहेक्झिडिनसारखे चांगले जंतुनाशक उगाच गमवावे लागले असते. त्यांनी सर्व सायकली त्याच नळीतून पूर्ण केल्या.

ड्रेसिंगचा निवाडा करण्यासाठी आणखी एक साधा उपाय आहे. निरनिराळ्या ड्रेसिंगचे लहान तुकडे दुसऱ्या हाताच्या आतील बाजूस लावून, त्यांवर क्रमांक घालून, दोन दिवसांनी पाहावे. चट्टा चिघळत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ शास्त्रशुद्ध पॅच टेस्ट करतात. एकही गोंद सोसत नसेल, तर निर्जंतुक गॉज आणि वरून सैल पट्टी किंवा जाळीदार बाही हा पर्याय उरतो. अशा वेळी नळी कशी धरून ठेवायची, हे रुग्णालयाने ठरवायचे असते. क्लोरहेक्झिडिन सोसत नसल्यास पोव्हिडोन आयोडिन वापरता येते. म्हणजे मार्ग अनेक आहेत. केवळ चट्ट्यासाठी नळी गमावण्याची वेळ क्वचितच येते.

डॉक्टर काही वेळा सौम्य स्टेरॉइड देतात. ते छिद्रापासून दूर, ठरवून दिलेले दिवसच लावायचे असते आणि संसर्ग नाही याची खात्री झाल्यावरच. ड्रेसिंगखाली कोंडले गेलेले स्टेरॉइड त्वचेत अधिक मुरते आणि त्वचा पातळ करते. छिद्रावर प्रतिजैविकाचे मलम स्वतःहून लावू नये. त्याने बुरशी वाढण्याचा आणि औषधाला न जुमानणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो.

रात्रीची खाज आणि घरचे उपाय

खाज रात्री वाढते, कारण दिवसाचे व्यवधान संपलेले असते आणि पांघरुणाखाली त्वचा तापते. खोली शक्य तितकी थंड ठेवावी. कोरड्या पिशवीतील बर्फ सुती कापडात गुंडाळून ड्रेसिंगच्या भोवती काही मिनिटे टेकवावा. मात्र ड्रेसिंग ओले होऊ देऊ नये. नखे बारीक कापलेली असावीत. लहान मुलाच्या दंडावर सुती, सैल बाही चढवावी. खाजेची गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. काही गोळ्यांनी झोप आणि गुंगी येते, आणि वृद्ध रुग्ण रात्री उठताना पडू शकतात.

हळद, चंदन, कोरफड, खोबरेल तेल, कडुनिंबाचा लेप हे आपल्या घरांतील जिव्हाळ्याचे उपाय. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु येथे त्वचेत उघडे छिद्र आहे आणि त्याचा मार्ग थेट हृदयाकडे जातो. निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू तेथे जाता कामा नये. तेलाने ड्रेसिंग सुटते, पावडरीच्या गुठळ्या होतात. उरलेल्या हातावर, ड्रेसिंगपासून दूर, साधे मॉइश्चरायझर जरूर लावावे.

अंघोळीला दंडावर प्लॅस्टिकचे आवरण दोन्ही टोकांना नीट बंद करून चढवावे. नदी, विहीर वा तरणतलाव वर्ज्य. ब्लाउजची बाही सैल शिवावी. दंडावर ताईत किंवा दोरा बांधण्याची श्रद्धा असेल, तर तो दुसऱ्या दंडावर बांधावा. रक्तदाबही दुसऱ्याच हातावर मोजावा.

एक वही ठेवावी

प्रत्येक ड्रेसिंगच्या दिवशी चार ओळी लिहाव्यात: तारीख, कोणते जंतुनाशक, कोणते ड्रेसिंग, त्वचा कशी दिसली. मोबाइलवर त्याच अंतरावरून, त्याच उजेडात एक छायाचित्र घ्यावे. चट्टा असल्यास त्याची कड पेनने आखून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लाली रेषेबाहेर गेली असेल, तर तर्कवितर्काची गरज उरत नाही. पहिल्याच पानावर रुग्णालयाचा रात्री लागणारा फोन क्रमांक ठळक लिहावा. मुंबईतील तज्ज्ञ आणि गावातील सिस्टर यांची भेट कधी होत नाही. त्यांची गाठ या वहीत पडते.

आणि घरच्यांना एक विनंती. रुग्ण खाजेविषयी बोलला, तर 'एवढे सोसलेस, आता याचे काय?' असे म्हणू नये. त्या वाक्यानंतर तो पुढची तक्रार सांगत नाही, आणि पुढची तक्रार कदाचित छिद्राजवळच्या दुखण्याची असते. त्याऐवजी दिवा लावावा, बाही वर करावी आणि चट्टा कोणत्या आकाराचा आहे ते पाहावे. नळी निघाल्यानंतर तेथे काही महिने काळसर डाग राहतो. तो हळूहळू फिका होत जातो. त्यासाठी काही लावण्याची आवश्यकता नसते.